फाटकाजवळची तगर

सिल्वासातल्या टोकरखाड्यात ज्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या फाटकाजवळची तगर मी मारली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. झाड मारणं हा काही एवढा मोठा गुन्हा नव्हे, असं कुणी म्हणेल. मीही स्वतःची समजूत तशीच घालत आलो. पण गोष्ट झाडापाशी थांबली नाही. ती नीट सांगायची तर आधी घरमालकांबद्दल सांगायला हवं.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. मूळचे धुळ्याकडचे. सिल्वासाला दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, इथंच निवृत्त झाले आणि परत गेलेच नाहीत. काकू धुळ्याला मुलाकडे असायच्या. "तिला इथली दमट हवा मानवत नाही, मला तिथलं सुनेचं राज्य मानवत नाही," असं आप्पा म्हणायचे. दिवाळीत काकू पंधरा दिवस यायच्या, तेव्हा दोघं नव्या नवरा-नवरीसारखी खुशीत असायची. मला त्याचं फार नवल वाटायचं.

उंच, काटकुळा माणूस. अंगात बंडी, बंडीच्या खिशात कात्री. चाळीस वर्षं पुड्या बांधल्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू मोकळी देता यायची नाही. शेजारणीनं चिमूटभर हिंग मागितला तरी कागद चौकोनी कापायचा, कोपरे आत दुमडायचे, अंगठ्यानं घडी दाबायची. वर लिहायचंही: 'हिंग. जेवणानंतर.' एकदा माझी खोलीची जादा किल्ली त्यांनी पुडीत बांधून दिली. वर लिहिलं होतं, 'लागेल तेव्हा.'

अंगणात तगर होती, आणि फक्त तगर. फाटकाजवळ एक, विहिरीशी दोन, कुंपणाला लागून ओळीनं दहा-बारा. पांढरी फुलं बारमाही. गल्लीतल्या बाकीच्या घरांत मुंबई-पुण्याहून कारखान्यांत आलेली माणसं राहायची. ती वापीच्या नर्सरीतून गुलाबाची कलमं आणायची आणि मग त्यांच्या मागे औषधं घेऊन धावायची. मी नवीन असताना एकदा विचारलं, "आप्पा, तुम्ही गुलाब नाही लावत?"

"गुलाब म्हणजे पेशंट. उठलं की त्याची जीभ बघा, डोळे बघा. जन्मभर पेशंट पाहिले, आता घरात नकोत."

"आणि तगर?"

"तगर म्हणजे पेशंटसोबत आलेला नातेवाईक. बाकावर बसून राहतो. काही मागत नाही. शेळी तोंड लावत नाही, कीड फारशी येत नाही. आलीच तर पाण्याचा फवारा मारायचा, संपलं."

झाड लावायची त्यांची एक रीत होती, आणि ती मोडलेली त्यांना खपायची नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी तिरपी कापायची. तिचं दूध गळून वाळेपर्यंत दिवसभर सावलीत ठेवायची. मग मातीत खोचायची आणि चाळीस दिवस रोज पाणी. एकेचाळिसाव्या दिवशी पाणी बंद. खत नाही, आळं नाही, काही नाही. पानं गळली तर तिथंच पडू द्यायची, तेच तिचं पांघरूण. वर्षातून एकदा, मोठा बहर ओसरला की, कात्रीनं गोल छाटायची. "माझ्यावाचून जे जगत नाही ते मला नको," असं म्हणायचे. हे ते झाडाबद्दल बोलत असत की कशाबद्दल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

कारण भाडेकरूंनाही तोच नियम होता. मी राहायला आलो तेव्हा रोज सकाळी आप्पा चहाचा पेला घेऊन दाराशी हजर. "काय करी ऱ्हायनात केमिस्ट? उठा." मी लाजायचो, नको म्हणायचो, ते ऐकायचे नाहीत. एके दिवशी चहा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काही चुकलं का, म्हणून मी घाबरत विचारायला गेलो. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "चाळीस झाले. लागलात तुम्ही."

त्या दिवसापासून मला सिल्वासा परकं वाटेनासं झालं, हेही इथं कबूल करतो.

प्रत्येक झाडाला एक पट्टी बांधलेली होती. मलमाची रिकामी ट्यूब कापून, उलगडून, तिच्या आतल्या चकचकीत बाजूवर खिळ्यानं कोरलेली. तिच्यावर झाडाचं नाव नसायचं, कारण सगळ्यांचं नाव एकच. फांदी कुठली आणि कुणी आणली किंवा खोचली, ते असायचं. फाटकाजवळचं झाड सगळ्यांत जुनं, बाकीची सगळी त्याच्याच फांद्यांची. त्याच्या पट्टीवर होतं: 'सुरंगी. लखमी.'

लखमी सुरंगी गावाहून पहिल्या एस.टी.नं यायची. वारली बाई, तेव्हा चाळिशीची असेल. आप्पांकडे झाडलोट, पाणी, आणि अंगणातल्या चुलीवर घंगाळभर पाणी तापवणं. गल्लीतल्या आणखी तीन घरांची धुणीभांडीही तिच्याकडे होती, आणि माझे कपडेही. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, आप्पांनाही. आप्पांना ते आवडायचं.

"आप्पा, तुझा झाड नि तू सारखाच," ती एकदा झाडता झाडता म्हणाली. "पाणी मागत नाय नि फळ देत नाय."

"सावली देतो की."

"कोणाला? कोंबडीला?"

आप्पा हसून हसून खोकायला लागले. ती त्यांच्याकडे सात वर्षं येत होती. फाटकाची कडी वाजली की आप्पा घड्याळ न बघता म्हणायचे, "सात दहा." आणि सात दहाच झालेले असायचे.

आता माझ्याबद्दल. मी नाशिकचा, बी.एस्सी. केमिस्ट्री. सुताला रंग देणाऱ्या एका कारखान्यात लॅबमध्ये होतो. बॉयलरला साधं बोअरचं पाणी चालत नाही, आत खडूसारखा थर धरतो. म्हणून ते आधी मऊ करतात: एका टाकीत बारीक मणी भरलेले असतात, त्यांतून पाणी जाऊ देतात. मणी थकले की त्यांच्यावर मिठाचं कडक पाणी सोडून त्यांना पुन्हा ताजं करायचं, आणि ते धुवण नालीत सोडून द्यायचं. दिवसातून चार वेळा त्या पाण्याची परीक्षा करणं हे माझं काम.

एका मे महिन्यात आप्पा मुलाकडे धुळ्याला गेले, पुरता महिना. जाताना मला फाटकाजवळ उभं केलं. "झाडांवर लक्ष ठेवा."

"काय करायचं?"

"काही करायचं नाही."

"म्हणजे लक्ष ठेवून काय करू?"

"लक्षच ठेवायचं. हेच अवघड असतं, केमिस्ट. बघा जमतं का."

मला ते जमलं नाही. उन्हानं फाटकाजवळच्या तगरीची पानं दुपारी मान टाकायची. संध्याकाळी ती आपोआप सावरायची, पण मी संध्याकाळपर्यंत थांबायचोच कुठं? वाटलं, आप्पांची ही रीत म्हणजे जुन्या माणसाचा हट्ट. थोडी काळजी घेतली तर हेच झाड दुप्पट फुलेल. ते परत येतील तेव्हा दाखवू. त्यात त्यांना खोटं पाडायचं होतं की खूश करायचं होतं, ते आजही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

मेमध्ये विहीर तळाला गेलेली, बोअरचं पाणी घरोघरी मोजून. कारखान्यात मात्र धुवणाचं पाणी भसाभस नालीत चाललेलं. मी दोन निळे कॅन भरले आणि लूनावर बांधून आणले. शेवटी शेवटी येणारं धुवण जवळजवळ साधंच असतं, असा माझा हिशेब. टाकीवरचा ऑपरेटर बिहारचा होता. तो म्हणालासुद्धा, "साहब, ये तो धोवन है." मी म्हटलं, "झाड को क्या समझता है."

दिवसातून चार वेळा पाण्याची परीक्षा करणारा मी, त्या कॅनमधल्या पाण्याची एकदाही केली नाही.

आठवड्यातून दोनदा, असे जवळजवळ चार आठवडे. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडतंय. मी तिसरी खेप सुरू केली. लखमी अंगणात माझे पांढरे कोट सोड्यात उकळवत असायची. ती एकदा म्हणाली, "कशाला घालतोस? आप्पानं नाय सांगितला ना?" मी म्हणालो, "हे कारखान्याचं चांगलं पाणी आहे." ती पुन्हा कोट ढवळायला लागली. कारखान्याच्या पाण्याबद्दल मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, असं तिला वाटलं असणार.

मग सगळी पानं गळली. बुंध्याभोवती मातीवर पांढुरकी साय दिसायला लागली. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. माझा स्वतःच्या जिभेवर विश्वास बसला नाही, म्हणून चिमूटभर माती लॅबमध्ये नेली, पाण्यात हलवली, गाळली आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. म्हणजे मीठ, तेही भरपूर. परत येऊन मी वरची साय खरवडून टाकली आणि बुंध्यावर बोअरच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या, पण मुळं केव्हाच गेली होती.

आप्पा आले. फाटकातच थांबले. पिशवी खाली ठेवून फांदी नखानं खरवडली. आत हिरवं नव्हतं. पुढची फांदी, पुढची फांदी. खाली मुळापर्यंत. ते रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "असं कसं?" ते म्हणाले. "दुष्काळात मेली नाही. गाय बसली तरी मेली नाही."

तिथंच त्यांनी विहिरीजवळच्या झाडाची एक फांदी लावली. आठ दिवसांत ती काळी पडली. दुसरी लावली, तीही गेली. मग ते माझ्या दाराशी आले. हातात पुडी होती. वर लिहिलं होतं: 'फाटकाजवळ. एक वीत खोल.'

"तुम्ही केमिस्ट. बघून सांगा बरं, काय आहे हिच्यात."

ती पुडी मी उघडलीच नाही. दोन दिवस कोटाच्या खिशात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी नालीत टाकली. संध्याकाळी आप्पा अंगणात बसले होते. मी म्हणालो, "माती ठीक आहे आप्पा. काही सापडलं नाही."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली, दवाखान्यात रिपोर्ट ऐकताना हलवत असतील तशी. "माती ठीक. हवा तीच. कीड नाही. मग वरून काहीतरी पडलं. ज्याची मातीत खूण राहत नाही असं." मग म्हणाले, "गरम पाणी. उकळतं. मुळाशी पडलं तर? असू शकतं का?"

चूल फाटकापासून दहा पावलांवर होती. पाणी कोण उकळवतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी म्हणालो, "असू शकतं."

आयुष्यात मी थोडंफार खोटं बोललो असेन, पण या दोन शब्दांइतकं नाही.

आप्पांनी लखमीला एकदाच विचारलं, माझ्यादेखत. "गरम पाणी टाकलंस का ग तिथं?"

"नाय."

"चुकून?"

"चुकून पण नाय. माझा आणलेला झाड तो."

दुसऱ्या दिवशी सात दहाला कडी वाजली. मी खिडकीत चहा पीत होतो. आप्पा अंगणात उभे होते आणि झाडू त्यांच्या हातात होता. ते झाडत होते. लखमी फाटकात थांबली. तिनं झाडूकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी वर बघितलं नाही. ती कडी परत लावून गेली. एवढंच झालं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी जा म्हटलं नाही. मी चहाचा पेला संपवला.

आप्पांनी गल्लीत तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण जो माणूस कुणाला काढत नाही त्यानं काढलं, म्हणजे तसंच काही असणार, असं गल्लीनं ठरवलं. महिन्याच्या आत तिची उरलेली तीन घरंही सुटली. मी माझे कपडे स्वतः धुवायला लागलो.

पावसाळा गेला. तिकडे किती पाऊस पडतो ते तिथं राहिलेल्यालाच माहीत. मातीतलं मीठ वाहून गेलं. आश्विनात आप्पांनी पुन्हा फांदी खोचली. चाळीस दिवस रोज पाणी. ती लागली. एकेचाळिसाव्या दिवशी त्यांनी मला बोलावून कोवळी पानं दाखवली. "बघा केमिस्ट. हात बदलला, झाड लागलं."

म्हणजे त्यांच्या रीतीनं आता सगळं सिद्ध झालं होतं. इतका नेटका विचार करणाऱ्या माणसाला मी चुकीचा पुरावा हाती दिला होता, आणि त्यांनी त्यावरून अगदी बरोबर पायरी-पायरीनं चुकीचं उत्तर काढलं होतं.

नव्या झाडाला त्यांनी पट्टी बांधली नाही. जुनी पट्टी खिडकीच्या कठड्यावर पडून होती. ती मी उचलली. का उचलली, ते माहीत नाही.

पुढे ते स्वतःच झाडायचे. त्यांना झाडता यायचं नाही, कोपरे राहून जायचे. सकाळी सात दहाच्या सुमाराला ते फाटकाकडे तोंड करून उभे असायचे, हे मी पुष्कळदा पाहिलं. मी नाशिकला नोकरी धरली आणि खोली सोडायची ठरवली, तेव्हा सामान बांधत असताना ते येऊन बसले. बराच वेळ सुतळीचं टोक चिमटीत पिळत राहिले.

"केमिस्ट, ते गरम पाण्याचं. नक्की ना?"

"आप्पा, नक्की असं काही नसतं."

"हां. पण झाड लागलं म्हणजे शंका संपायला हवी. संपत नाही. का?"

मी सुतळीची गाठ मारत होतो. म्हणालो, "जुनं झाड होतं, वाईट वाटणारच." ते उठून गेले. निघताना त्यांनी पुडी दिली. वर लिहिलं होतं, 'बडीशेप. प्रवासात.'

तीन वर्षांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं, आप्पा गेल्याचं.

त्यानंतर एकदाच, नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, कामासाठी सिल्वासाला गेलो होतो. तिथल्या आमली भागातल्या बाजारात, रस्त्याच्या कडेला, लखमी बांबूचे कोवळे कोंब घेऊन बसली होती. केस पिकले होते. मी ओळख दाखवली नाही. तिनंच हाक मारली. "केमिस्ट ना तू? आप्पाकडला?"

"हो."

"आप्पा गेला, कळला मला." तिनं कोंब सोलायला घेतला. "नि तो फाटकावरचा झाड?"

"आहे. आताच बघून आलो. मोठं झालंय."

"माझ्या घरी पण हाय. त्याची आई." मग खाली बघतच म्हणाली, "मी गरम पाणी नाय टाकला रे तिथं."

"मला माहितीये," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

तिचा विळा थांबला. "तुला कसा माहीत?"

हीच वेळ होती. बाजारात माणसं होती, पण आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी म्हणालो, "म्हणजे, तू तसं करणार नाहीस, हे माहितीये."

"मग तवा का नाय बोललास?"

मी घड्याळ पाहिलं आणि उशीर होतोय म्हणालो. तिनं कोंब पळसाच्या पानात बांधून माझ्या हातात दिले. ते मी घरी नेले, बायकोनं भाजी केली, चांगली झाली असं सगळे म्हणाले. मी खाल्ली नाही.

ट्यूबच्या पत्र्याची ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. 'सुरंगी. लखमी.' अक्षरं अजून वाचता येतात.

आप्पांना मी त्या पुडीतल्या मातीचा खरा रिपोर्ट देणं लागत होतो. ते आता फिटायचं नाही. लखमी असली तर साठीची असेल, आणि सुरंगी नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. तिच्या दारात जाऊन ही पट्टी तिला परत द्यायची आहे आणि सांगायचं आहे, की ते पाणी मी घातलं होतं, त्यात मीठ होतं, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. एवढं मी तिचं देणं लागतो. मी अजून गेलेलो नाही.